हरित इमारतींची मोजपट्टी का बदलते?



तालुक्याच्या गावाला किंवा शहराला जाताना रस्त्याच्या कडेला नव्या बांधकामांच्या मोठमोठ्या पाट्या दिसतात. त्यांवर हल्ली किमतीच्या आणि खोल्यांच्या जोडीला आणखी एक ओळ असते: ‘हरित इमारत, चार तारे’ किंवा ‘सुवर्ण प्रमाणपत्रप्राप्त’. वाचणारा मनात म्हणतो, इमारत हरित म्हणजे काय? तिला हिरवा रंग दिला, की भोवती झाडे लावली? जो थोडी अधिक चौकशी करतो, त्याची तर आणखीच पंचाईत होते. एकाच शहरात दोन इमारती आहेत, दोघींनाही तीन तारे मिळालेले आहेत. पण एकीला ते जुन्या नियमांप्रमाणे मिळाले आणि दुसरीला नव्या. मग हे नियम सारखे बदलतात तरी का? आणि बदलले, तर जुन्या कागदाची किंमत काय राहिली?

तुम्ही म्हणाल, हा शहरवाल्यांचा प्रश्न. आमच्या गावाशी ह्याचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो चांगलाच जवळचा आहे. तुमचा मुलगा किंवा मुलगी पुण्यात, नाशकात, नागपुरात नोकरीला असेल, तर ह्याच पाटीवर विश्वास ठेवून ती मंडळी आयुष्यभराचे कर्ज काढतात. दुसरे असे की, अशा प्रमाणपत्राच्या आधारे सरकार बांधणाऱ्याला जास्तीचे बांधकाम करू देते, म्हणजे सार्वजनिक सवलत देते. आणि तिसरे, जे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते: शाळेची नवी खोली, ग्रामपंचायतीचे कार्यालय, आरोग्य उपकेंद्र ह्या इमारती तुमच्या गावात बांधल्या जाणारच आहेत. एकदा स्लॅब पडला की पुढची चाळीस-पन्नास वर्षे त्याच्याखाली तुमचीच मुले बसणार. तेव्हा ह्या मोजपट्टीत शहाणपणाचे काय आहे, ते समजून घेतलेले बरे.

आधी हरित इमारत म्हणजे काय ते पाहू. घराला जसा संसाराचा खर्च असतो, तसा इमारतीचाही निसर्गाकडून उचललेला खर्च असतो. बांधताना विटा, सिमेंट, लोखंड, वाळू लागते. वापरताना वीज लागते, पाणी लागते. आणि दोन्ही वेळा घाण बाहेर पडते: सांडपाणी, राडारोडा, धूर. हा खर्च जी इमारत कमी ठेवते आणि तरीही आत राहणाऱ्या माणसाला उजेड, वारा आणि आरोग्य देते, ती हरित इमारत. ह्यात हिरव्या रंगाचा काही भाग नाही. भोवती बाग केली आणि आत दिवसाही दिवे लावावे लागले, तर ती इमारत हरित म्हणता येणार नाही.

आता प्रमाणपत्राची पद्धत. धान्याच्या, तुपाच्या किंवा मधाच्या डब्यावर अ‍ॅगमार्कचा शिक्का तुम्ही पाहिला आहे. १९३७ च्या कायद्याने शेतमालाची प्रतवारी सुरू झाली. माल विकणारा ‘माझा माल चांगला’ असे म्हणतोच. पण तिसऱ्या कोणीतरी तो तपासून प्रत ठरवली, तर गिऱ्हाइकाला भरवसा वाटतो. इमारतीचेही तसेच. तपासणाऱ्या संस्थेकडे एक यादी असते. त्यातल्या काही अटी सक्तीच्या असतात. त्या पाळल्याच पाहिजेत. बाकीच्या अटींना गुण असतात: पावसाचे पाणी साठवले तर इतके, उन्हाला आडोसा दिला तर इतके, सांडपाणी शुद्ध करून झाडांना घातले तर इतके. गुणांची बेरीज होते आणि बेरजेवरून तारे किंवा रौप्य, सुवर्ण अशा पायऱ्या ठरतात. शिक्षकांना हे निराळे सांगायला नकोच. अनिवार्य विषय, ऐच्छिक विषय आणि शेवटी श्रेणी, असाच हा हिशेब आहे.

ह्या पद्धतीचा जन्म आपल्याकडचा नाही. १९९० साली इंग्लंडमधल्या इमारत संशोधन संस्थेने ‘ब्रीअ‍ॅम’ नावाची पहिली अशी पद्धत काढली. अमेरिकेतल्या हरित इमारत परिषदेने १९९८ साली ‘लीड’ नावाची पद्धत प्रयोगादाखल सुरू केली आणि २००० पासून ती रूढ झाली. (दिव्यांच्या एलईडीशी ह्या नावाचा संबंध नाही.) आपल्याकडे भारतीय उद्योग महासंघाने २००१ साली भारतीय हरित इमारत परिषद स्थापन केली. हैदराबादला महासंघाचे सोहराबजी गोदरेज हरित व्यवसाय केंद्र उभे राहिले, त्याला २००३ साली लीडची सर्वांत वरची, प्लॅटिनम पायरी मिळाली. अमेरिकेबाहेर ही पायरी गाठणारी ती पहिली इमारत. जुलै २००४ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम ह्यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. वास्तुशिल्पी करण ग्रोव्हर ह्यांनी तिच्यात मधला चौक ठेवला आहे, उन्हाची धार मोडणाऱ्या जाळ्या लावल्या आहेत, छपरावर माती घालून हिरवळ केली आहे. चौक आणि जाळी ह्या गोष्टी आपल्या जुन्या वाड्यांना काही नव्या नव्हत्या. पण एका परदेशी मोजपट्टीवर त्यांना पुरते गुण मिळाले, म्हणून देशभरच्या बांधकाम व्यवसायाने त्यांच्याकडे वळून पाहिले.

पुढे २००७ साल महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी दोन गोष्टी झाल्या, आणि त्यांतला फरक नीट ध्यानात घेतला पाहिजे. एक म्हणजे ‘ग्रिहा’ ही आपली राष्ट्रीय तारांकन पद्धत आली. ‘टेरी’ ही दिल्लीची संशोधन संस्था आणि केंद्राचे नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय ह्यांनी ती मिळून तयार केली. वातानुकूलित कचेऱ्यांवर नजर ठेवून केलेली परदेशी पट्टी आपल्याला पुरेशी बसत नाही; आपल्याकडे बहुतेक इमारती पंख्यावर आणि खिडकीवर चालतात, त्यांनाही न्याय मिळावा, हा तिच्यामागचा विचार. दुसरी गोष्ट म्हणजे मोठ्या व्यापारी इमारतींसाठी केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने ऊर्जा संवर्धन संहिता प्रसिद्ध केली. तारांकन हे सहसा ऐच्छिक असते, ज्याला मिरवायचे त्याने घ्यावे. संहितेची गोष्ट निराळी. राज्याने ती अधिसूचित केली की तिच्या कक्षेतल्या इमारतींना ती पाळावीच लागते. साध्या भाषेत, संहिता म्हणजे पास होण्याचे गुण आणि तारे म्हणजे वरची श्रेणी.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ही मोजपट्टी दर काही वर्षांनी का बदलते? कोणाला वाटेल की जुने चुकले म्हणून नवे आले, कोणाला वाटेल की हे सगळे कागदी खेळ आहेत. दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत. बदलाची कारणे निरनिराळी आहेत, ती एकेक करून पाहू.

पहिले कारण असे की, काल जे विशेष होते ते आज सर्वांकडे असते. २००५ च्या सुमारास एलईडी दिवा ही अपूर्वाईची वस्तू होती. २०१५ साली केंद्र सरकारची उजाला योजना सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत तो दिवा खेड्यापाड्यांत, गोठ्यातही पोहोचला. मग नुसता असा दिवा लावला म्हणून गुण का द्यायचे? चौथीच्या मुलाला उजळणी येते म्हणून आपण बक्षीस देत नाही. म्हणून संहिताही वर सरकली. २०१७ च्या आवृत्तीत तिने तीन पायऱ्या केल्या: साधारण इमारतीच्या मानाने सुमारे २५ टक्के ऊर्जा वाचवली तर पहिली, ३५ टक्के वाचवली तर दुसरी आणि ५० टक्के वाचवली तर तिसरी, सर्वांत वरची.

दुसरे कारण जास्त बोचरे आहे. सुरुवातीला गुण दिले जात ते आराखड्यावर. इमारत किती वीज खाईल ह्याचे गणित आधी मांडायचे आणि त्या गणितावर प्रमाणपत्र द्यायचे, अशी रीत होती. पण कागदावरचा बैल कधी दमत नाही! २००८ साली अमेरिकेत लीड मिळालेल्या १२१ इमारतींचा प्रत्यक्ष वीजवापर तपासण्यात आला. सरासरी पाहिली तर ह्या इमारती इतरांपेक्षा बऱ्या होत्या. पण एकेक पाहू गेले तर भाकिताशी मेळ नाही. काहींनी अंदाजापेक्षा कितीतरी कमी वीज वापरली, तर काहींनी साध्या इमारतीला लागली असती त्याहूनही जास्त. तेव्हापासून पट्टी कागदावरून मीटरकडे वळू लागली. लीडच्या २००९ च्या आवृत्तीत पाच वर्षे वीज-पाण्याच्या वापराची माहिती देण्याची अट आली. आपल्याकडे ऊर्जा दक्षता ब्यूरोने त्याच वर्षी कचेऱ्यांसाठी तारे सुरू केले, त्यांचे गणित तर फारच सुटसुटीत आहे: वर्षभराची विजेची युनिटे भागिले इमारतीचे चौरस मीटर. नागपूर-दिल्लीसारख्या संमिश्र हवामानातली, निम्म्याहून अधिक भाग वातानुकूलित असलेली कचेरी घ्या. त्या वेळच्या कोष्टकाप्रमाणे तिला चौरस मीटरमागे वर्षाला ९० युनिटांहून कमी लागली तर पाच तारे, आणि १६५ ते १९० लागली तर एकच तारा. इथे बाग किती सुंदर, काच किती चकचकीत, हे कोणी विचारत नाही. बिल काय म्हणते तेवढेच पाहायचे.

तिसरे कारण हवामानाचे. रत्नागिरीचा घाम आणि सोलापूरचे ऊन ह्यांना एकच औषध चालत नाही. आपल्या संहितांनी देशाचे पाच हवामान-विभाग केले आहेत: उष्ण-कोरडा, उष्ण-दमट, संमिश्र, समशीतोष्ण आणि थंड. २०१८ साली ब्यूरोने राहत्या इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ काढली. तिचा पहिला भाग यंत्रांविषयी नाहीच. तो भिंत, छप्पर आणि खिडकी ह्यांच्याविषयी आहे. किती उष्णता भिंतीतून आत येते, छप्पर किती तापते, खिडकी किती उघडते, हे आधी पाहा, यंत्रे मागाहून. ह्या संहितेकडे आपण पुन्हा येणार आहोत, कारण गावाला तिच्यातून बरेच घेण्यासारखे आहे.

चौथे कारण सर्वांत नवे. पूर्वी हिशेब होता तो इमारत वापरताना होणाऱ्या खर्चाचा. पण बांधतानाच जो खर्च होऊन गेला, त्याचे काय? जगात दरवर्षी जो कार्बन वायू माणसाच्या उद्योगांतून हवेत जातो, त्यातला सात-आठ टक्के एकट्या सिमेंटचा असतो. म्हणजे उंबरठा ओलांडण्यापूर्वीच इमारतीच्या नावावर निसर्गाचे मोठे कर्ज चढलेले असते. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या लीडच्या पाचव्या आवृत्तीने ह्या आधीच्या कार्बनचा हिशेब मांडणे सक्तीचे केले. आपल्याकडेही २०२२ साली ऊर्जा संवर्धन कायदा सुधारण्यात आला. संहितेच्या नावात आता ऊर्जेच्या जोडीला ‘शाश्वत इमारत’ हे शब्द आले, राहत्या इमारतीही कायद्याच्या विचारात आल्या आणि त्यानुसार २०२४ मध्ये नवी संहिता प्रसिद्ध झाली.

तेव्हा वाट कशी चालली आहे पाहा. आधी साधने मोजली, मग बिल मोजले, मग भिंत आणि खिडकी मोजली, आणि आता विटेचा आणि सिमेंटचा जन्मही मोजू लागले आहेत. मोजपट्टी बदलते ती अशी, मोजणाऱ्याचे डोळे उघडत जातात तशी.

पण बदलाबरोबर एक गोंधळही येतो, आणि गिऱ्हाइकाची फसगत होते ती इथेच. घरातल्या वयस्कर माणसांना विचारा, १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले तेव्हा बाजारात काय धांदल उडाली होती. जुन्या हिशेबात रुपयाचे ६४ पैसे, नव्या हिशेबात १००. पावलीला किंमत तीच, पण पूर्वी तिला १६ पैसे म्हणायचे, आता २५ नवे पैसे. ज्याने नुसता आकडा पाहिला आणि कोणता पैसा ते विचारले नाही, तो फसला. ताऱ्यांचेही असेच आहे. ग्रिहाच्या २००७ च्या पद्धतीत पहिला तारा ५० गुणांपासून सुरू होई आणि पाचव्या ताऱ्याला ९१ गुण लागत. २०१५ च्या आवृत्तीत पहिला तारा २५ गुणांवर आला आणि पाचवा ८६ वर. समजा एका इमारतीला ५५ गुण आहेत. जुन्या पट्टीवर तिला एक तारा, नव्या पट्टीवर दोन. लगेच कोणी म्हणेल, ‘बघा, नियम सैल केले!’ तसे म्हणण्याची घाई करू नये, कारण गुण कशाला द्यायचे हेही मधल्या काळात बदलले. जुन्या ३४ कसोट्यांच्या जागी ३१ आल्या आणि पुढे २०१९ च्या आवृत्तीत ३०. जुन्यातले ५५ आणि नव्यातले ५५ ही एकाच नाण्याची मोजणी नव्हे. लीडचीही तीच कथा. हैदराबादच्या केंद्राला प्लॅटिनम मिळाले ते ६९ पैकी ५६ गुणांवर. पुढच्या आवृत्त्यांत एकूण गुण ११० झाले आणि प्लॅटिनमला ८० लागू लागले.

म्हणून असे प्रमाणपत्र कोणी पुढे केले, तर चार प्रश्न विचारावेत. एक, हे दिले कोणी? दोन, कोणत्या वर्षीच्या आवृत्तीप्रमाणे दिले? तीन, हे बांधण्याआधीचे, आराखड्यावरचे प्राथमिक प्रमाणपत्र आहे की इमारत पुरी झाल्यावरचे अंतिम? पाटीवर पुष्कळदा पहिलेच असते. आणि चार, ह्याची मुदत आहे की संपली? ग्रिहाचे तारे, उदाहरणार्थ, पाच वर्षांसाठी असतात. पुढे ते तपासून नवे करून घ्यावे लागतात. शक्य असेल तिथे पाचवा प्रश्नही विचारा: इमारतीत लोक राहत असतील तर वर्षाचे वीजबिल दाखवाल का? प्रामाणिक माणसाला ह्या प्रश्नांचा राग येत नाही.

हे प्रश्न विचारण्याचा हक्क नुसत्या खरेदीदारालाच आहे असे नाही. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्रात एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली. बृहन्मुंबई महानगरपालिका आणि काही क्षेत्रे वगळता ती राज्यभर लागू आहे. ग्रिहाचे तीन, चार किंवा पाच तारे अथवा त्या तोडीची दुसरी पायरी मिळवणाऱ्या इमारतीला तिच्यात अनुक्रमे ३, ५ आणि ७ टक्के जादा चटई क्षेत्र देण्याची तरतूद आहे. चटई क्षेत्र म्हणजे बांधून विकण्याची जागा, म्हणजे पैसाच. ही सवलत समाजाने दिली आहे ती पुढे वीज-पाणी वाचेल ह्या भरवशावर. तो भरवसा खरा ठरतो की नाही, हे पाहणे हे सगळ्यांचेच काम आहे.

आता गावाकडे वळू. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. केंद्राच्या कायद्याची संहिता साधारणपणे १०० किलोवॉट जोडभाराच्या इमारतींपासून सुरू होते. राज्याला ही मर्यादा खाली आणता येते, एवढेच. दोन खोल्यांच्या जिल्हा परिषद शाळेचा जोडभार त्याच्या जवळपासही जात नाही. २०१८ ची इको निवास संहिताही ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या राहत्या इमारतींसाठी केलेली. म्हणजे एप्रिलच्या उन्हात पत्र्याखाली बसणाऱ्या मुलाची खोली मोजायला कोणी अधिकारी पट्टी घेऊन येणार नाही. ती आपणच घेतली पाहिजे. आणि सुदैवाने तिच्यातले दोन भाग असे आहेत की ते शाळेतल्या फूटपट्टीने आणि त्रैराशिकाने मोजता येतात.

पहिला भाग खिडकीचा. संहिता म्हणते, जमिनीच्या क्षेत्रफळाच्या मानाने उघडणारी खिडकी किमान इतकी हवी: उष्ण-दमट भागात १६.६६ टक्के, म्हणजे एक षष्ठांश. संमिश्र आणि समशीतोष्ण भागात एक अष्टमांश. उष्ण-कोरड्या भागात एक दशांश. थंड प्रदेशात एक द्वादशांश. कोकणात वारा अंगावरून गेला तरच घाम सुकतो, म्हणून तिथे खिडकी मोठी. सोलापूरकडे दुपारचा वारा म्हणजे भट्टीची झळ, म्हणून तिथे ती लहान चालते.

हा नियम घरांसाठी असला तरी मुलांकडून वर्गाचे गणित जरूर करून घ्या. वर्ग ८ मीटर लांब आणि ६ मीटर रुंद, म्हणजे ४८ चौरस मीटर. रत्नागिरीच्या हवेत उघडी जागा हवी ८ चौरस मीटर, नागपूरच्या हवेत ६, सोलापूरच्या हवेत ४.८. खिडकी १.२ मीटर उंच आणि तेवढीच रुंद असेल, तर एकीची जागा १.४४ चौरस मीटर. अशा चार खिडक्यांची होते ५.७६. सोलापूरला ती पुरते, नागपूरला जराशी कमी पडते आणि रत्नागिरीला तर सहा खिडक्या लागतात. एकच नमुना आराखडा कोकणात आणि वऱ्हाडात वापरला तर काय होईल, हे मुलांना फळ्यावरच दिसेल. आणखी एक मेख ध्यानात ठेवा. संहिता मोजते ती प्रत्यक्ष उघडणारी जागा. सरकत्या काचेची खिडकी कितीही रुंद असली तरी एका वेळी निम्मीच उघडते. त्याच चार खिडक्या सरकत्या केल्या, तर ५.७६ चे २.८८ होतात आणि सोलापूरलाही नापास! दुपाखी, पूर्ण उघडणारी खिडकी घ्यावी ती ह्यासाठी. बाहेर उघडणारे तळमजल्याचे दार ह्यात धरत नाहीत, कारण ते सारखे उघडे राहील असे कोणी गृहीत धरू शकत नाही.

दुसरा भाग छपराचा. बाहेरच्या आणि आतल्या हवेत एका अंशाचा फरक असताना छपराच्या एका चौरस मीटरमधून किती वॉट उष्णता आत झिरपते, त्यावरून छपराची प्रत ठरते. २०१८ ची संहिता म्हणते, हा आकडा १.२ हून जास्त नको. वर काही आवरण नसलेल्या, नुसत्या काँक्रीटच्या स्लॅबचा आकडा ह्याच्या दुपटीहून अधिक भरतो. आपल्या ४८ चौरस मीटरच्या वर्गावर दहा अंशांचा फरक धरला, तर नियमातले छप्पर ५७६ वॉट उष्णता आत सोडते आणि नुसता स्लॅब साडेअकराशेहून जास्त. म्हणजे हजार वॉटची विजेची शेगडी मुलांच्या डोक्यावर दुपारभर पेटवून ठेवल्यासारखेच झाले, आणि वर प्रत्यक्ष उन्हाचा मारा निराळाच. पत्र्याची तर गोष्टच नको. त्याला जाडी नाही आणि आवरणही नाही.

ह्यावर उपाय फार महागडे नाहीत. स्लॅबच्या पाणीबंद थराखाली किंवा वर उष्णतारोधक थर घालता येतो. बांधतानाच घातला तर खर्च थोडा, मागाहून घालायचा तर जास्त. छपराच्या वरच्या बाजूला पांढरा, ऊन परतवणारा लेप देणे हा त्याहून स्वस्त उपाय. त्याने छपराची ती प्रत बदलत नाही, पण ऊन मुळात शोषले जाते ते कमी. अहमदाबादच्या महानगरपालिकेने गरीब वस्त्यांत अशी छपरे रंगवण्याचा कार्यक्रम घेतला आणि तेलंगण सरकारने २०२३ साली त्यासाठी खास धोरण जाहीर केले. लेप दर एक-दोन वर्षांनी धुऊन-रंगवून ताजा ठेवावा लागतो, धूळ बसली की त्याचा गुण उतरतो, हेही सांगून ठेवतो.

कोणी म्हणेल, मग आपली जुनी मातीची घरेच काय वाईट होती? जाड भिंत, धाब्याचे छप्पर, पुढे ओसरी, दारात लिंब. उष्णतेच्या परीक्षेत ही घरे उत्तम उतरतात, यात शंका नाही. पण त्याच घरांत उजेड कमी होता, चुलीचा धूर कोंडत होता. आजची पट्टी गारव्याबरोबर उजेडाचे आणि मोकळ्या हवेचेही गुण मोजते. तेव्हा जुन्यातले गार ते घ्यावे आणि अंधार मागे ठेवावा.

शिक्षक मित्रांना एक काम सुचवतो. सातवी-आठवीच्या मुलांना शाळेची बारा महिन्यांची वीजबिले द्या. युनिटांची बेरीज करून शाळेच्या चौरस मीटरांनी भागायला सांगा. शेजारच्या शाळेकडून तोच आकडा मागवा. फरक दिसला की कारण शोधा: तिथे खिडक्या जास्त आहेत का, झाडाची सावली पश्चिमेला आहे का, दिवे दिवसा जळतात का? परंतु कमी युनिटे म्हणजे चांगली इमारत, असा झटपट निकाल काढू देऊ नका. पंखाच नसलेल्या शाळेचे बिल सर्वांत कमी येईल. म्हणून त्याच दिवशी दुपारी दोन वाजता दोन्ही वर्गांतले तापमापकही वाचा. दोन्ही आकडे मिळून खरी गोष्ट सांगतात, आणि हाच धडा शिकायला मोठमोठ्या संस्थांनाही कित्येक वर्षे लागली.

आणि सरपंच-सदस्यांना सांगणे एवढेच: नव्या खोलीचा आराखडा आणि अंदाजपत्रक ग्रामसभेत आले, की सही होण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा. छपरावर उष्णतारोधक थर धरला आहे का? खिडक्या प्रत्यक्ष किती उघडतात आणि त्या जमिनीच्या कितव्या हिश्शाच्या आहेत? पश्चिमेच्या भिंतीला सावली कशाची? उत्तरे समाधानकारक नसतील, तर दुरुस्ती कागदावरच करून घ्या. तिथे ती एका रेघेने होते. मोजपट्टी ह्यापुढेही बदलत राहील, नवे आकडे येतील, ताऱ्यांची गणिते पुन्हा फिरतील. ते आले की त्यांवरचे वर्ष तेवढे आधी वाचावे. खिडकीचा हिस्सा आणि छपराची उष्णता मोजायला मात्र त्यांची वाट पाहण्याचे कारण नाही; शाळा सुरू आहे, फूटपट्टी हाताशी आहे.